डेटाबेस कोणत्या क्षणापर्यंत परत आणता येईल? बॅकअप आणि रिकव्हरीची मांडणी, पायरीपायरीने

भोसरीच्या एमआयडीसीतला एखादा मध्यम कारखाना डोळ्यांसमोर आणा. चाकणच्या वाहन कंपन्यांना सुटे भाग पुरवतो. ईआरपीचा (कारखान्याचे सगळे व्यवहार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचा) डेटाबेस पोस्टग्रेस या डेटाबेस प्रणालीवर, आकार साधारण ४०० जीबी, सर्व्हर एकच आणि त्याची काळजी घेणारा अ‍ॅडमिनिस्ट्रेटरही एकच. रात्री दोन वाजता डम्प, म्हणजे सगळ्या डेटाची प्रत, निघतो आणि शेजारच्या नॅसवर (नेटवर्कला जोडलेल्या साठवणीच्या पेटीवर) जाऊन बसतो. दुपारी पावणेचारला कुणीतरी दरांचं टेबल अपडेट करताना ‘व्हेअर’ची, म्हणजे कोणत्या ओळी बदलायच्या याची, अट विसरतं आणि सगळ्या ग्राहकांचे दर एकसारखे होतात. बॅकअप आहे का? आहे, पण रात्री दोनचा. सकाळपासून निघालेली बिलं, डिलिव्हरी चलनं, गेटबाहेर पडलेल्या गाड्या, यातलं काहीच त्यात नाही.

हा लेख अशा एकट्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटरसाठी आहे. मांडणीची सुरुवात बॅकअपपासून न करता रिकव्हरीपासून करा, हे मला सांगायचं आहे. पावणेचारला घोटाळा झाला तर तीन वाजून चव्वेचाळीस मिनिटांवर परत येता येईल का? या एका प्रश्नाच्या उत्तरावर साधन, वेळापत्रक, डिस्क, जागा हे सगळं ठरतं. उदाहरणं मुख्यतः पोस्टग्रेसची घेतली आहेत. ओरॅकल, मायएसक्यूएल आणि एसक्यूएल सर्व्हरमध्ये तत्त्व तेच असतं, नावं बदलतात. त्यांच्याबद्दल पुढे वेगळं लिहिलं आहे.

पहिली पायरी: मालकाकडून दोन आकडे मिळवा

पहिला आकडा आरपीओ (रिकव्हरी पॉइंट ऑब्जेक्टिव्ह): किती वेळाचा डेटा गेलेला चालेल. दुसरा आरटीओ (रिकव्हरी टाइम ऑब्जेक्टिव्ह): किती वेळात काम पुन्हा सुरू व्हायला हवं. हे आकडे अ‍ॅडमिनिस्ट्रेटरने मनाने ठरवायचे नसतात, आणि “आरपीओ किती हवा?” असं विचारलं तर उत्तर हमखास “शून्य” येतं. म्हणून प्रश्न कामाच्या भाषेत विचारा. डिस्पॅचला विचारा, मागच्या एका तासातली चलनं पुन्हा टाइप करायची वेळ आली तर कागद हाताशी असतात का? अकाउंट्सला विचारा, महिनाअखेरीला चार तास सिस्टिम बंद राहिली तर काय अडतं? उत्तरं विभागागणिक वेगळी येतील. ती लिहून घ्या आणि त्यावर मालकाची सही घ्या.

आता हिशेब करा. समजा ठरलं, की पाच मिनिटांहून जास्त डेटा जाता कामा नये आणि चार तासांत काम सुरू व्हायला हवं. रोज रात्रीचा डम्प पहिल्या अटीत तिथेच बाद होतो, कारण त्यात चोवीस तासांपर्यंतचं काम जाऊ शकतं. दुसरी अट तपासायला नेटवर्क मोजा. ऑफिसातल्या एक गिगाबिटच्या जाळ्यावर सेकंदाला साधारण ११० एमबी मिळतात, म्हणजे ४०० जीबी यायला तासभर. तीच प्रत फक्त क्लाउडवर असेल आणि इंटरनेट १०० मेगाबिटचं असेल, तर सेकंदाला जेमतेम १२ एमबी. मग नुसत्या डाउनलोडला नऊ तासांहून जास्त लागतात. चार तासांचं वचन द्यायचं असेल तर एक प्रत आवारातच हवी, हे या साध्या भागाकारातूनच कळतं.

दुसरी पायरी: काय बिघडू शकतं ते वेगवेगळं लिहा

चुकीची कमांड. डिस्क जाणं. अख्खा सर्व्हर जाणं. इमारतीत पाणी शिरणं किंवा आग लागणं. रॅन्समवेअर, म्हणजे डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारा हल्ला. या पाचांना एकच उपाय पुरत नाही, आणि गफलत बहुतेक वेळा इथेच होते. रेप्लिका म्हणजेच मुख्य सर्व्हरचा प्रत्येक बदल लगेच उतरवून घेणारा स्टँडबाय सर्व्हर डिस्क किंवा मशीन गेल्यावर उत्तम कामाला येतो. पण चुकीचं अपडेट त्याच्यावरही काही क्षणांत पोहोचतं. रेडही (अनेक डिस्क जोडून डेटा राखण्याची सोय) तसंच: एक डिस्क गेली तर वाचवतं, टेबलच पुसणारी ‘ड्रॉप टेबल’ कमांड मात्र सगळ्या डिस्कवर इमानाने लिहितं. रेप्लिका आणि रेड हवेतच, फक्त त्यांना बॅकअपच्या रकान्यात मांडू नका.

पुण्यात राहून पाण्याचा विचार टाळता येत नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हाची आठवण घराघरांत आहे, पण इतकं मागे जायचीही गरज नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याने अरण्येश्वर, सहकारनगर परिसरात काय केलं आणि २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरीत पाणी कसं चढलं, हे आपण सगळ्यांनी पाहिलं. नदी किंवा ओढ्याच्या जवळच्या इमारतीत, तळघरात किंवा पार्किंगशेजारच्या खोलीत सर्व्हर ठेवला असेल, तर बॅकअपचं सॉफ्टवेअर निवडण्याआधी तो सर्व्हर वरच्या मजल्यावर हलवा.

तिसरी पायरी: डेटाबेस स्वतःला कसा सावरतो हे समजून घ्या

ही पायरी वगळून थेट कमांडवर जाण्याचा मोह होतो. तो टाळा, कारण पुढचं सगळं यावरच उभं आहे.

व्यापारी प्रत्येक व्यवहार आधी कीर्दीत तारखेवार मांडतो आणि नंतर सवडीने खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर ओढतो. खतावणी हरवली, तरी वर्षारंभीची शिल्लक आणि तिथपासूनची अखंड कीर्द हाती असेल, तर ती पुन्हा उभी करता येते. डेटाबेसही असंच काम करतो. बदल आधी लॉगमध्ये लिहिला जातो, तो डिस्कवर पक्का झाला की मगच ‘कमिट’चं उत्तर मिळतं. डेटाच्या मूळ फाइल त्यानंतर, चेकपॉइंटच्या वेळी, म्हणजे साठलेले बदल फाइलींत उतरवण्याच्या टप्प्यावर, सावकाश अद्ययावत होतात. या पद्धतीला राइट-अहेड लॉगिंग म्हणतात. आयबीएममधले सी. मोहन आणि त्यांचे सहकारी यांनी १९९२ मध्ये मांडलेली ‘एरीज’ पद्धत आजच्या अनेक डेटाबेसच्या रिकव्हरीच्या मुळाशी आहे. पोस्टग्रेसमध्ये या लॉगला वॉल (राइट-अहेड लॉगचं लघुरूप) म्हणतात, ओरॅकलमध्ये रीडू लॉग, एसक्यूएल सर्व्हरमध्ये ट्रान्झॅक्शन लॉग.

वीज गेली आणि सर्व्हर धाडकन बंद पडला, तर पुन्हा चालू होताना डेटाबेस शेवटच्या चेकपॉइंटपासूनचा लॉग वाचतो आणि कमिट झालेले पण डेटा फाइलींपर्यंत न पोहोचलेले बदल त्यांत चढवतो. याला क्रॅश रिकव्हरी म्हणतात आणि तिच्यासाठी तुम्हाला काही करावं लागत नाही. अट एकच: ‘डिस्कवर लिहिलं’ असं डिस्कने सांगितलं असेल तर ते खरोखर लिहिलेलं असायला हवं. म्हणून वेग वाढवायला ‘एफसिंक’ (डिस्कवर खरोखर लिहून घेण्याची सक्ती) बंद करू नका, आणि रेड कार्डाच्या कॅशची बॅटरी मेलेली नाही ना, हे पाहा. आपल्याकडे महावितरणची देखभालीची कामं बहुधा गुरुवारी निघतात. यूपीएसची बॅटरी किती मिनिटं तग धरते आणि ती संपण्याआधी सर्व्हर आपोआप शिस्तीत बंद होतो का, हे अशाच एखाद्या गुरुवारी तपासून घ्या.

आता मुख्य गोष्ट. लॉगच्या जुन्या फाइल डेटाबेस पुन्हा वापरतो किंवा पुसतो. त्या पुसल्या जाण्याआधी उचलून दुसरीकडे साठवल्या, आणि त्याआधीची डेटा फाइलींची एक पूर्ण प्रत हाती असली, तर तिच्यापासून पुढच्या कोणत्याही क्षणापर्यंत येता येतं. पॉइंट-इन-टाइम रिकव्हरी ती हीच.

चौथी पायरी: लॉजिकल की फिजिकल

पोस्टग्रेसच्या पीजी_डम्प या साधनाने निघते ती लॉजिकल प्रत: टेबलं कशी बनवायची आणि त्यात कोणत्या ओळी भरायच्या, याची यादी. ती सुसंगत असते, दुसऱ्या आवृत्तीवर चढवता येते, त्यातून एकच टेबल काढता येतं. पण रिस्टोअर करताना प्रत्येक इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) नव्याने बांधावा लागतो, त्यामुळे मोठ्या डेटाबेसला तासनतास जातात. आणि डम्पवर वॉल चढवता येत नाही. हे ठळकपणे लक्षात ठेवा, कारण “डम्प आहे आणि वॉल फाइलीही जपल्या आहेत” या समाधानात राहणारे मी पाहिले आहेत. लॉग जुळतो तो फक्त फिजिकल प्रतीशी.

फिजिकल प्रत म्हणजे डेटा फाइलींची जशीच्या तशी नक्कल, पीजी_बेसबॅकअपने किंवा तत्सम साधनाने घेतलेली. चालू डेटाबेसची डिरेक्टरी साध्या कॉपी कमांडने उचलली तर ती प्रत कामाची नसते. पहिली फाइल उचलल्यापासून शेवटची उचलेपर्यंत मधल्या फाइल बदललेल्या असतात. व्हर्च्युअल मशीनचा स्नॅपशॉट चालतो, पण डेटा आणि वॉल वेगवेगळ्या डिस्कवर असतील तर त्या सगळ्यांचा स्नॅपशॉट एकाच क्षणाचा असायला हवा.

माझी शिफारस: फिजिकल बॅकअप आणि वॉल हा मुख्य आधार ठेवा, आणि आठवड्यातून एकदा डम्पही घ्या. डम्प घेताना पीजी_डम्प प्रत्येक टेबलातली प्रत्येक ओळ वाचतो, त्यामुळे कुठे खराब झालेला ब्लॉक असेल तर तो तेव्हा उघड होण्याची शक्यता असते. पीजी_डम्पमध्ये यूजर आणि त्यांचे रोल येत नाहीत. ते पीजी_डम्पऑलने ‘ग्लोबल्स-ओन्ली’ पर्याय देऊन वेगळे काढावे लागतात.

पाचवी पायरी: प्रत्यक्ष मांडणी

पोस्टग्रेसच्या सेटिंगमध्ये वॉल_लेव्हल ‘रेप्लिका’ हवं. आवृत्ती १० पासून ते मुळातच तसं असतं. आर्काइव्ह_मोड ‘ऑन’ करा, त्याला सर्व्हर एकदा रीस्टार्ट करावा लागतो. मग येते आर्काइव्ह_कमांड. प्रत्येक वॉल फाइल, जी मुळात १६ एमबीची असते, भरली की पोस्टग्रेस ही कमांड चालवतो. कमांडने शून्य परत दिलं की ‘फाइल सुरक्षित पोहोचली’ असं तो मानतो आणि स्वतःकडची प्रत काढायला मोकळा होतो. म्हणून हे शून्य खोटं असता कामा नये. साधी कॉपी कमांड फाइल समोरच्या डिस्कवर पक्की झाली का, हे बघत नाही आणि आधीची फाइल बिनदिक्कत पुसून त्यावर लिहूही शकते. स्वतः स्क्रिप्ट लिहिण्यापेक्षा पीजीबॅकरेस्ट किंवा बारमन हे तयार साधन वापरा. कॉम्प्रेशन, एन्क्रिप्शन, जुन्या प्रतींची सफाई, सगळं त्यांत आहे आणि वर्षानुवर्षं अनेकांनी तपासलेलं आहे.

फाइल भरण्याची वाट पाहिली, तर शांत दुपारी अर्धा तास एकही वॉल बाहेर जाणार नाही. म्हणून आर्काइव्ह_टाइमआउट ३०० सेकंदांवर ठेवा. मग बदल होत असतील तर दर पाच मिनिटांनी फाइल जातेच आणि पहिल्या पायरीवर कबूल केलेली पाच मिनिटं इथे पाळली जातात. जागेचा हिशेब: दिवसाला जास्तीत जास्त २८८ अर्धवट फाइल, म्हणजे ४.५ जीबी. कॉम्प्रेस केल्यावर त्याहून पुष्कळ कमी. खऱ्या कामाच्या भरलेल्या फाइल यात मिसळतील, तो आकडा आठवडाभर मोजून घ्या.

आर्काइव्हची जागा भरली किंवा नॅस बंद पडला, तर पोस्टग्रेस वॉल पुसणं थांबवतो आणि त्या फाइल मुख्य सर्व्हरवर साचत जातात. ती डिस्क भरली की डेटाबेस बंद पडतो. घाबरून पीजी_वॉल डिरेक्टरीतल्या फाइल हाताने कधीही काढू नका, डेटाबेस कायमचा खराब होण्याचा तो सर्वांत छोटा रस्ता आहे. आर्काइव्ह दुरुस्त करा, किंवा तात्पुरती डिस्क वाढवा.

वेळापत्रक साधं ठेवा. रविवारी रात्री पूर्ण बॅकअप, इतर रात्री इन्क्रिमेंटल (मागच्या बॅकअपनंतर बदललेलं तेवढंच), वॉल सतत. पोस्टग्रेसमध्ये अंगभूत इन्क्रिमेंटल बॅकअप आवृत्ती १७ पासून आला. त्याला समराइझ_वॉल चालू ठेवावं लागतं आणि रिस्टोअरच्या वेळी पीजी_कम्बाइनबॅकअपने प्रती जोडाव्या लागतात. त्याआधीच्या आवृत्त्यांवर ही सोय पीजीबॅकरेस्ट देतो. आठवड्याची साखळी जितकी लांब, तितकं रिस्टोअर लांबतं. शनिवारी बिघडलं तर सहा दिवसांचे तुकडे जुळवायचे असतात. चार तासांची मुदत तंग वाटली तर आठवड्यातून दोनदा पूर्ण बॅकअप घ्या. डिस्क वाढवावी लागेल, पण मुदत पाळता येईल.

शिवाय डेटा चेकसम, म्हणजे ब्लॉक बिघडलेला नाही हे ताडून पाहण्याचे आकडे, चालू आहेत का ते पाहा. जुन्या डेटाबेसवर ते बंद असू शकतात. आवृत्ती १२ पासून डेटाबेस बंद ठेवून पीजी_चेकसम्सने ते चालू करता येतात. चेकसम असतील तर बॅकअप घेतानाच खराब ब्लॉक पकडला जातो, नाहीतर तो खराब ब्लॉक महिनोन्‌महिने प्रत्येक प्रतीत निमूट जात राहतो.

ओरॅकल, मायएसक्यूएल, एसक्यूएल सर्व्हर

ओरॅकलमध्ये आधी डेटाबेस ‘आर्काइव्हलॉग’ मोडमध्ये आहे का ते बघा. नसेल तर डेटाबेस बंद करूनच बॅकअप घेता येतो आणि मधल्या क्षणापर्यंत परत येणं शक्य नसतं. ओरॅकलचं बॅकअपचं साधन आरमॅन वापरा, लेव्हल शून्य (पूर्ण) आणि लेव्हल एक (इन्क्रिमेंटल) अशी रांग लावा, ब्लॉक चेंज ट्रॅकिंग चालू करा म्हणजे इन्क्रिमेंटलला पूर्ण डेटाबेस वाचावा लागत नाही. कंट्रोल फाइलचा ऑटोबॅकअप चालू ठेवा आणि डीबीआयडी, म्हणजे डेटाबेसचा ओळख क्रमांक, कागदावर लिहून ठेवा, सगळंच गेल्यावर त्याची गरज पडते. फास्ट रिकव्हरी एरिया (बॅकअप आणि लॉगसाठी राखलेली जागा) भरला की आर्काइव्हर अडकतो आणि अख्खा डेटाबेस थांबतो. तिथली मोकळी जागा रोज बघण्यासारखी आहे.

मायएसक्यूएलमध्ये मायएसक्यूएलडम्प ‘सिंगल-ट्रान्झॅक्शन’ पर्यायाने घ्या. पण ही सुसंगती फक्त इनोडीबी या साठवण प्रकारातल्या टेबलांना मिळते, मायआयसॅमची जुनी टेबलं कुठे उरली असतील तर ती आधी शोधा. फिजिकल बॅकअपला पर्कोनाचं एक्स्ट्राबॅकअप आहे. त्याची ‘प्रिपेअर’ पायरी झाल्याशिवाय प्रत वापरता येत नाही. इथे वॉलचं काम बिनलॉग, म्हणजे बदलांची नोंद ठेवणारा लॉग, करतो. आवृत्ती ८ मध्ये तो मुळात चालू असतो आणि ३० दिवस राहतो, पण राहतो त्याच सर्व्हरवर. तो बाहेर नेण्याची सोय तुम्हालाच करावी लागते. पोस्टग्रेसपेक्षा एक गोष्ट इथे सोयीची आहे: डम्पबरोबर बिनलॉगमधली जागा नोंदवून ठेवली, तर डम्पवरही पुढचा बिनलॉग चढवता येतो.

एसक्यूएल सर्व्हरमध्ये रिकव्हरी मॉडेल ‘फुल’ हवं आणि लॉग बॅकअप दर काही मिनिटांनी. मॉडेल ‘फुल’ ठेवून लॉग बॅकअप न घेणं ही सर्रास दिसणारी चूक आहे, मग लॉग फाइल डिस्क भरेपर्यंत वाढत जाते. बिघाड झाल्यावर रिस्टोअर सुरू करण्याआधी टेल-लॉग बॅकअप घ्या, शेवटच्या काही मिनिटांचं काम त्यात असतं. मधेच कुणाला प्रत काढून द्यायची असेल तर ‘कॉपी-ओन्ली’ने काढा, म्हणजे डिफरन्शियल (शेवटच्या पूर्ण बॅकअपनंतरचे बदल घेणाऱ्या) बॅकअपचा आधार बदलत नाही.

सहावी पायरी: प्रती कुठे ठेवायच्या

३-२-१ हा नियम ऐकला असेल: तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक आवाराबाहेर. आवाराबाहेर म्हणजे किती बाहेर, याचा मात्र थांबून विचार करा. मायक्रोसॉफ्ट अ‍ॅझ्युरचं ‘सेंट्रल इंडिया’ हे रीजन, म्हणजे डेटा सेंटरचा विभाग, पुण्यातच आहे. भोसरीतून तिथे पाठवलेली प्रत तुमच्या आगीपासून आणि पाण्यापासून सुरक्षित आहे, पण आहे त्याच शहरात. जिओ-रिडंडंट साठवण (दूरच्या दुसऱ्या रीजनमध्येही प्रत ठेवणारी) निवडली तर तिची जोडप्रत ‘साउथ इंडिया’त, म्हणजे चेन्नईला जाते. अ‍ॅमेझॉनची भारतातली रीजन मुंबई आणि हैदराबादला आहेत, गुगलची मुंबई आणि दिल्लीला. माझ्या मते एक प्रत आवारात, एक क्लाउडवर महाराष्ट्राबाहेर, अशी विभागणी छोट्या कंपनीला परवडते आणि पुरते. तरीही जिओ-रिडंडन्सी चुकून पुसलेली फाइल वाचवत नाही, कारण पुसणंही पलीकडे पोहोचतं.

रॅन्समवेअरसाठी अट वेगळी. हल्लेखोर डेटाबेसच्या आधी बॅकअप शोधतो. म्हणून डेटाबेस सर्व्हरवरच्या पासवर्डने बॅकअप पुसता येता कामा नये. क्लाउडवर ऑब्जेक्ट लॉक लावा, म्हणजे ठरलेली मुदत संपेपर्यंत कुणालाच, तुम्हालासुद्धा, फाइल काढता येत नाही. आवारातला नॅस विंडोजच्या डोमेन लॉगिनशी जोडू नका, त्याला वेगळा यूजर आणि वेगळा पासवर्ड द्या. बॅकअप सर्व्हरने डेटाबेसकडून प्रत ओढून घ्यावी. डेटाबेस सर्व्हरला बॅकअपच्या जागेवर पूर्ण हक्क देण्यापेक्षा ही दिशा जास्त सुरक्षित आहे.

प्रती एन्क्रिप्ट करा, आणि एन्क्रिप्शनची किल्ली त्या प्रतींबरोबर ठेवू नका. ओरॅकलचं वॉलेट, एसक्यूएल सर्व्हरच्या टीडीई या एन्क्रिप्शनचं सर्टिफिकेट, पीजीबॅकरेस्टचा पासफ्रेज, यांपैकी जे असेल त्याची प्रत कंपनीच्या तिजोरीत आणि दुसऱ्या एका जागी ठेवा. किल्ली हरवली तर उत्तम स्थितीतला बॅकअपही उघडत नाही.

किती काळ ठेवायचं? रोजचे बॅकअप आणि वॉल ३५ दिवस, महिनाअखेरीचा एक बॅकअप वर्षभर, ही कामचलाऊ सुरुवात ठीक आहे. हिशेबाची पुस्तकं इलेक्ट्रॉनिक असतील तर कायदाही बघावा लागतो. कंपनी कायदा २०१३ नुसार ती आठ आर्थिक वर्षं जपायची असतात, आणि ऑगस्ट २०२२ मधल्या दुरुस्तीनंतर त्यांचा बॅकअप भारतातच असलेल्या सर्व्हरवर, तोही रोजच्या रोज, ठेवणं बंधनकारक आहे. क्लाउडचं रीजन निवडताना सिंगापूर स्वस्त दिसलं तरी हे आठवा. आठ वर्षांसाठी फिजिकल प्रत निरुपयोगी ठरू शकते, कारण ती चालवायला तीच जुनी आवृत्ती लागते. तिथे डम्प ठेवा.

सातवी पायरी: पावणेचारचा घोटाळा सोडवून दाखवा

हे प्रत्यक्ष संकट येण्याआधी, एखाद्या निवांत शनिवारी, दुसऱ्या मशीनवर करायचं आहे.

चूक लक्षात आली की आधी अ‍ॅप्लिकेशन थांबवा आणि घड्याळातली वेळ लिहा. चूक झालेल्या टेबलावर दुरुस्तीचे प्रयोग करू नका. मग पोस्टग्रेसमध्ये पीजी_स्विच_वॉल चालवा, म्हणजे चालू वॉल फाइल बंद होऊन आर्काइव्हला जाते. सर्व्हरच बंद पडला असेल आणि डिस्क शाबूत असेल, तर पीजी_वॉल डिरेक्टरी पूर्ण उचलून बाजूला ठेवा, आर्काइव्हला न गेलेली शेवटची मिनिटं तिथेच आहेत.

आता नेमका क्षण शोधा. सर्व्हरच्या लॉगमध्ये कमांड नोंदल्या जात असतील तर हे सोपं जातं. म्हणून लॉग_स्टेटमेंट किमान ‘डीडीएल’वर ठेवा, डेटा बदलणाऱ्या कमांडही हव्या असतील तर ‘मॉड’वर. नसेल तर पीजी_वॉलडम्पने वॉलमधून तो व्यवहार शोधावा लागतो, जमतं पण वेळ जातो. रिकव्हरी कमिटची वेळ बघते. कमांड ३:४३ ला सुरू होऊन ३:४५ ला कमिट झाली असेल, तर ३:४४ हे लक्ष्य बरोबर आहे.

दुसऱ्या मशीनवर तीच मुख्य आवृत्ती, तीच एक्स्टेन्शन आणि शक्यतो तीच ऑपरेटिंग सिस्टिम असू द्या. ऑपरेटिंग सिस्टिमच्या लायब्ररीतले अक्षरक्रमाचे नियम वेगळे असतील तर मजकुरावरचे इंडेक्स चुकीची उत्तरं देऊ शकतात, आणि मराठी नावं साठवणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे विशेष पाहावं. लक्ष्याच्या वेळेआधी पूर्ण झालेला सर्वांत जवळचा बॅकअप तिथे उघडा. सेटिंगमध्ये रिस्टोअर_कमांड द्या, म्हणजे वॉल कुठून आणायची हे त्याला कळेल. रिकव्हरी_टार्गेट_टाइममध्ये तारीख, १५:४४:०० आणि शेवटी +०५:३० लिहा. शेवटचा भाग विसरू नका. सर्व्हरचं घड्याळ यूटीसी या जागतिक वेळेवर असेल तर साडेपाच तासांची चूक होते. आर्काइव्ह_मोड इथे बंद करा, नाहीतर हे चाचणीचं मशीन खऱ्या आर्काइव्हमध्ये स्वतःच्या फाइली टाकू लागेल. वेळापत्रकावर चालणारी जॉब आणि ईमेलही बंद, नाहीतर ग्राहकांना जुन्या बिलांचे मेल जातील. मग डेटा डिरेक्टरीत ‘रिकव्हरी.सिग्नल’ नावाची रिकामी फाइल बनवा आणि पोस्टग्रेस सुरू करा. आवृत्ती १२ च्या आधी या कामाला वेगळी ‘रिकव्हरी.कॉन्फ’ असे, जुने लेख वाचताना गोंधळू नका.

वॉल एकामागून एक चढत जातील आणि लक्ष्याशी पोस्टग्रेस थांबेल. मुळातली सेटिंग ‘पॉज’ अशी असल्याने या अवस्थेत डेटा वाचता येतो, बदलता येत नाही. दरांचं टेबल बघा. शेवटचं बिल कोणतं ते बघा. अजून पुढे जायचं असेल तर लक्ष्य बदलून पुन्हा सुरू करता येतं. जास्त पुढे गेला असाल तर मागे येता येत नाही, बॅकअपपासून पुन्हा सुरुवात. म्हणून पहिलं लक्ष्य थोडं आधीच्या वेळेचं घ्या.

इथे निर्णय घ्यायचा असतो आणि घाईत तो चुकतो. एकाच टेबलाचं नुकसान असेल तर अख्खा डेटाबेस मागे नेऊ नका. रिकव्हर केलेल्या मशीनवरून तेवढं टेबल डम्प करा, चालू डेटाबेसमध्ये वेगळ्या नावाने चढवा आणि दर जुळवून घ्या. पावणेचारनंतरचं बाकी काम शाबूत राहतं. नुकसान पसरलेलं असेल, चुकीच्या दरांवर पुढची बिलंही निघाली असतील, तरच पूर्ण मागे या. त्यासाठी पीजी_वॉल_रिप्ले_रिझ्यूम चालवा. डेटाबेस लिहिण्यासाठी खुला होतो आणि नवी टाइमलाइन (लॉगचा नवा फाटा) सुरू होते. लगेच नवा पूर्ण बॅकअप घ्या आणि आर्काइव्ह पुन्हा चालू करा.

पूर्ण मागे आल्यावर एक गोष्ट उरते, जी डेटाबेसच्या पुस्तकांत सापडत नाही. तुमचा डेटाबेस विसरला तरी बाहेरचं जग विसरत नाही. मागे टाकलेल्या काळात निघालेल्या बिलांचे आयआरएन (ई-इनव्हॉइसचे नोंदणी क्रमांक) जीएसटीच्या पोर्टलवर नोंदले गेलेले असतात. आयआरएन हा जीएसटीआयएन, बिल क्रमांक, दस्ताचा प्रकार आणि आर्थिक वर्ष यांवरून बनतो, त्यामुळे तोच क्रमांक पुन्हा वापरला तर पोर्टल तो दुबार म्हणून नाकारतं. म्हणून अ‍ॅप्लिकेशन सुरू करण्याआधी बिलांची सीक्वेन्स (पुढचा क्रमांक देणारी मोजणी) शेवटच्या बाहेर गेलेल्या क्रमांकापुढे न्या. ई-वे बिलं, बँकेला गेलेल्या पेमेंट फाइल, ग्राहकांना गेलेले मेल, यांची यादी अकाउंट्सबरोबर बसून जुळवा. हा वेळ आरटीओत धरलेला नसेल तर धरा.

आठवी पायरी: बॅकअप चालू आहे हे कशावरून?

३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब डॉट कॉम या सॉफ्टवेअरचा कोड साठवणाऱ्या सेवेच्या मुख्य डेटाबेसची डिरेक्टरी एका अभियंत्याकडून चुकून पुसली गेली. त्याला वाटलं होतं, की आपण दुय्यम सर्व्हरवर आहोत. साधारण ३०० जीबीपैकी जेमतेम ४.५ जीबी उरले. मग कळलं, की रोजचा डम्प निघतच नव्हता. पोस्टग्रेस ९.६ चा होता आणि डम्पचं साधन ९.२ चं, त्यामुळे ते दर वेळी चूक देऊन थांबत होतं. चूक सांगणारे मेल सुटत होते, पण समोरचा मेल सर्व्हर ते नाकारत होता. सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी घेतलेला एक स्नॅपशॉट होता, म्हणून निभावलं. त्यांनी हे सगळं स्वतःहून जाहीर केलं, त्याबद्दल त्यांचे आभार मानायला हवेत.

यातून घ्यायची सेटिंग अशी: बिघाडाचा निरोप येईल याची वाट पाहू नका, यशाचा निरोप आला नाही तर घंटा वाजू द्या. देखरेखीचं मशीन वेगळं असावं आणि त्याने तीन गोष्टी विचाराव्यात. शेवटचा यशस्वी बॅकअप २६ तासांहून जुना आहे का? पीजी_स्टॅट_आर्काइव्हरमधली शेवटच्या यशस्वी वॉलची वेळ कामाच्या तासांत दहा मिनिटांहून जुनी आहे का? बॅकअपचा आकार कालच्यापेक्षा एकदम घटला आहे का? पीजी_व्हेरिफायबॅकअप किंवा आरमॅनचं ‘रिस्टोअर व्हॅलिडेट’ दर आठवड्याला चालवा, पण त्यावर समाधान मानू नका. तिमाहीत एकदा तरी पूर्ण रिस्टोअर करून अकाउंट्सच्या माणसाला त्यावर ताळेबंद काढायला बसवा. आकडे जुळतात का, हे तोच सांगू शकतो. लागलेला वेळ लिहा आणि आरटीओशी ताडून बघा.

नववी पायरी: कागद

रिकव्हरीची कृती ज्या विकीवर लिहिली आहे तो विकीही त्याच सर्व्हरवर असतो, असं पुष्कळ ठिकाणी आढळतं. म्हणून कृती छापा. त्यात आवृत्त्या, बॅकअपच्या जागा, किल्ली कुणाकडे आहे, इंटरनेट आणि हार्डवेअर पुरवठादारांचे फोन, मालकाशी बोलून ठरलेले दोन आकडे, आणि अ‍ॅप्लिकेशन बंद करण्याचा अधिकार कुणाला आहे, हे असू द्या. रॅन्समवेअरसारखी घटना असेल तर सर्ट-इनला, म्हणजे सायबर सुरक्षेच्या केंद्र सरकारी यंत्रणेला, सहा तासांत कळवावं लागतं, एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार. त्याचा मजकूर आधीच तयार ठेवा. पुढची चाचणी तुम्ही स्वतः करू नका. तुमच्या रजेच्या दिवशी काम बघणाऱ्या सहकाऱ्याच्या हाती तो कागद द्या, तुम्ही शेजारी बसा आणि बोलू नका. तो जिथे अडेल, तिथे कागदात ओळ कमी आहे. ती भरा, खाली तारीख टाका, नवी प्रत एक सर्व्हर रूमच्या दाराला आणि एक मालकाच्या कपाटात लावा, आणि जुन्या प्रती फाडून टाका.